बारदान वजा

आमच्या जिन्यात बिराजदार अण्णा भेटले, की ते आधी तुमच्या हातातली पिशवी घेतात आणि मग "काय, कसं काय?" विचारतात. नव्या माणसाला वाटतं, काय सज्जन गृहस्थ आहेत, आता तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशवी पोचवणार. अण्णा पिशवी फक्त उचलतात. एकदा वर, एकदा खाली, डोळे जरासे बारीक. "तीन सातशे," म्हणतात. "बारदान वजा करा. तीन सहाशे." एवढं बोलून पिशवी परत तुमच्या हातात देतात आणि स्वतः मोकळ्या हातांनी जिना चढायला लागतात.

मीही पहिल्यांदा फसले होते. जुळे सोलापुरातल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी माझ्या हातात मिक्सरचं खोकं होतं. समोरून कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या आधी येणारं पोट असे एक गृहस्थ उतरत आले आणि त्यांनी खोकं काढून घेतलं. मी "अहो, कशाला, कशाला" म्हणत राहिले. त्यांनी ते हातात झुलवलं आणि विचारलं, "ह्यातली भांडी काढल्यात काय हो?" भांडी खरंच वेगळ्या पिशवीत होती. मी थक्क होऊन उभी, आणि खोकं पुन्हा माझ्याच कडेवर.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. तिथं त्यांची तीन पिढ्यांची भुसार मालाची आडत होती. तूर, ज्वारी, हरभरा, करडई, जे पिकेल ते त्यांच्या काट्यावरून जायचं. आडत बंद करून ते सोलापूरला आले, पण काटा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. बारदान म्हणजे रिकामं पोतं. माल तोलला, की त्यातून पोत्याचं वजन वजा करायचं आणि उरेल तो खरा माल. हा एक नियम अण्णांनी उभ्या आयुष्याला लावून ठेवलाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन तासभर बोलले, तर अण्णा उठून म्हणणार, "बारदान वजा करून सांगा की." कुणाच्या मुलीला स्थळ आलं, तर बंगला, गाडी, शेती हे सगळं बारदान. "पोरगं काय करतंय ते बोला. तेवढाच माल हाय."

दुसरी त्यांची खोड म्हणजे ते कधी 'एक' म्हणत नाहीत. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आडतीची रीत. अण्णा औषधाच्या गोळ्यासुद्धा "लाभ, दोन, तीन" अशा मोजतात. गॅसवाल्यानं खालून ओरडून विचारलं होतं, "सिलिंडर किती पाठवू?" अण्णा वरून म्हणाले, "लाभ." तो बिचारा बराच वेळ खाली तसाच उभा होता.

अण्णांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांच्या बायको महादेवी काकू. मुलगा बंगळूरला. काकूंची जीभ तिखट आणि हात सढळ. गेल्या वर्षी काकू बरेच दिवस दवाखान्यात होत्या. आजारपण मोठं होतं. परत आल्या तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या आणि लुगडं अंगाला दोनदा गुंडाळल्यासारखं दिसत होतं. बिल्डिंगमध्ये त्या विषयावर समोर कुणी बोलत नसे. काकूंचं बोलणं मात्र एक गुंजभरही कमी झालं नव्हतं, आणि आम्ही सगळे त्यावरच समाधान मानून होतो.

सायकलीचं खूळ अण्णांच्या डोक्यात शिरलं ते त्यानंतर. सायकल मुलाची. नोकरी लागायच्या आधी त्यानं हौसेनं घेतलेली. जाडजूड टायर, पुढं स्प्रिंगांचे शॉकअप, एकवीस गिअर. डोंगर चढायची सायकल. सोलापुरात डोंगर नाहीत, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं असावं. तो गेला, सायकल बाल्कनीत राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. दोन-तीन वर्षं तिनं ती नोकरी इमानेइतबारे केली.

एका सकाळी टॉवेल उतरले. अण्णा सायकल खांद्यावर घालून "लाभ, दोन, तीन" करत खाली आले, ती माझ्या स्कूटीला टेकवली आणि धापा टाकत म्हणाले, "म्याडम, उचलून बघा की."

मी उचलली. म्हणजे प्रयत्न केला.

"सोळा आठशे," अण्णा म्हणाले. "ही सायकल न्हाय, म्हस हाय. बारदानच एवढं म्हणल्यावर मालाला जागा कुटं?" मग त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बाराच्या आत आणतो. न्हाय आली तर ही देऊन दुसरी हलकी घेतो. पण सोडत न्हाय."

त्या दिवसापासून सायकल झडायला लागली. आधी स्टँड गेला, मग चिखलपट्ट्या, मग आरसा. घंटी काढली तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "अण्णा, रस्त्यात माणसं आडवी आली तर?" ते म्हणाले, "तोंड हाय की." तेव्हापासून आमच्या रस्त्याला सकाळी "ओ सरकाऽ, ओ बाजूला व्हाऽ" असा आवाज ऐकू यायला लागला. विजापूर रोडला पहाटे घट्ट कपडे घालून जाणारा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. अण्णा सदरा-पायजम्यात त्यांच्या मागं जायला लागले. आपण एक दिवस तुळजापूरचा घाट चढणार, असंही त्यांनी जाहीर केलं. त्या ग्रुपच्या कॅप्टननं एकदा आमच्या पार्किंगमध्ये अण्णांना फार अदबीनं समजावलं, की अण्णा, सायकलीचे दोन किलो उतरवायला लई खटपट लागते, त्यापेक्षा माणसाचे दोन किलो उतरवणं सोपं.

वरून, बाल्कनीतून, काकूंचा आवाज आला, "मी बी तेच म्हणतेय! सायकल सोलण्यापरास पोट सोला की!"

अण्णांनी वर बघितलं आणि कॅप्टनला शांतपणे म्हणाले, "पोट जुनं हाय. सेटिंग बिघडंल."

पण खरा तमाशा रविवारचा. अण्णांनी बाजारातून माणसांचं वजन करायचा काचेचा काटा आणला होता. तो ते आमच्या दोघांच्या दारांमधल्या मोकळ्या जागेत मांडायचे, कारण "हितली फरशी लेव्हलला हाय". अंघोळ, पूजा आटोपली, की सायकलीचा एखादा भाग खोलून बाहेर यायचा. कधी सीट, कधी पुढचं चाक, कधी पायडल. आणि मग आत तोंड करून हाक, "बा इल्ली!" म्हणजे कानडीत 'इकडे ये'. काकू पदराला हात पुसत बाहेर यायच्या.

पद्धत अशी. एकटं पायडल त्या काट्यावर ठेवलं, तर काटा जागाच होत नाही. त्याला माणूस लागतो. तेव्हा आधी काकूंनी रिकाम्या हातांनी काट्यावर उभारायचं. मग सीट हातात घेऊन उभारायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला, की सीटचं वजन.

"आधी बारदान बघू," अण्णा म्हणायचे.

"व्हय, मी म्हंजे पोतंच की!" काकू म्हणायच्या आणि चपला काढून काट्यावर उभारायच्या, मान ताठ करून, नजर समोर माझ्या दाराच्या नावाच्या पाटीवर. अण्णा गुडघे मोडून खाली वाकायचे. बराच वेळ बघायचे. बारदानाचा आकडा ते कधी मोठ्यानं सांगत नसत, फक्त मान हलवायचे. सीटचा मात्र जिनाभर ऐकू जाईल असा सांगायचे. "चारशे साठ!" काटा शंभर-शंभरच दाखवतो, मग वरचे साठ कुठून आले, असं मी एकदा विचारलं. "काटा शंभराचं सांगतोय, उरलेलं हात सांगतोय," असं उत्तर मिळालं.

मी शाळेत गणित शिकवते. वजाबाकी चुकीची नव्हती, पण माणूस चुकीचं निवडलं होतं. दुखण्यातून उठलेल्या बाईला दर रविवारी चाक धरून उभं करायचं, हे मला पटेना. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच उभे राहा की काट्यावर."

"आकडा दिसत न्हाय. मधी पोट येतंय."

"मग आकडा मी वाचते."

"काट्याजवळ वाचणारा माणूस बदलायचा नसतोय. आडतीचा नियम हाय."

"बरं, आमच्या ह्यांना उभं करा."

"त्यांच्या खिशात कायम किल्ल्या, मोबाईल. भेसळीचं वजन."

मग मी हुकमी पान टाकलं. "अहो, निदान काकूंना दर वेळी रिकामं उभं कशाला करता? एकदा केलंय ना त्यांचं वजन? तेच धरा आणि वजा करा."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गणिताची शिक्षिका कशी झाले याचं त्यांना नवल वाटत असावं. "म्याडम, बारदान दर बारीला बघावं लागतंय. पोतं कधी ओलं असतंय, कधी कोरडं."

मी मनात म्हटलं, हा माणूस चक्रम तर आहेच, वर आपमतलबीही आहे. कारण दुसरीकडे मी काय बघत होते? स्वतः अण्णा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन सायकलीसाठी हलके होत होते, आणि त्यांच्या घरातून रोज तुपाचा वास. अक्कलकोटहून कुणी येणार असेल, तर त्याच्याकडून लोणी मागवायचे. शेंगापोळ्यांची चळत, खारकांची पूड, डिंकाचे लाडू. "खा, खा. फेकायचं काय?" असा काकूंना दिवसभर धोशा. एका घरात एक वजन उतरवायची शर्यत आणि एक चढवायची. मला त्यातली संगती लागली नाही. संगती लावायला जावं, इतकं मी ते मनावरही घेतलं नाही.

एकदा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. त्यांच्या शोकेसमध्ये आडतीवरची लोखंडी मापं ओळीनं मांडलेली असतात. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, उतरत्या भाजणीत. लोक शोकेसमध्ये ट्रॉफ्या ठेवतात, अण्णा मापं ठेवतात. त्या दिवशी ओळीच्या मध्ये एक दात पडल्यासारखी जागा रिकामी होती. अर्ध्या किलोचं नव्हतं. मी विचारल्यावर अण्णा खजील झाले. "कुटं गेलं काय की. तीन पिढ्या हरवलं न्हवतं." काकू विरजण देता देता म्हणाल्या, "सापडंल. लोखंड काय पळून जातंय?"

सायकल आता चौदाच्या आसपास येऊन अडली होती. कॅप्टनचं म्हणणं पडलं, की लोखंडी सांगाडा आहे तोवर हिचं हाड काही हलकं व्हायचं नाही, सरळ अल्युमिनियमची घ्या. अण्णा एका शनिवारी नव्या पेठेतल्या सायकलीच्या दुकानात निघाले, आणि मलाही त्याच बाजूला काम होतं म्हणून मी बरोबर गेले. दुकानदारानं एक काळी, बारीक सायकल पुढं काढली. अण्णांनी ती दोन बोटांनी उचलली. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता हे तिला घेऊनच पळत सुटतात.

"अकरा सहाशे," अण्णा म्हणाले.

दुकानदारानं छताला टांगलेल्या आकडीच्या काट्याला सायकल अडकवली. काट्यावर अकरा सहाशे. दुकानातली माणसं बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "काका, जुनी आणून द्या, आजच ही घेऊन जा. बाराच्या आत पाहिजे होती न्हवं?"

अण्णांनी सायकल हळूच खाली टेकवली. तिच्या सीटवर हात फिरवला. "बघू," म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू." आणि बाहेर पडले. रिक्षात मी विचारलं, "अहो, आवडली होती ना?" ते बाहेर बघत म्हणाले, "लई आवडली."

माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला होता. तो आकडीचा काटा! सायकल टांगा, आकडा वाचा, झालं. काकू नकोत, वजाबाकी नको. प्रवासाच्या बॅगा तोलायला तसाच छोटा काटा मिळतो. मी तो घेतला आणि रविवारी बरोबर वेळेवर माझ्या दाराच्या ग्रिलला अडकवून तयार राहिले. अण्णा चाक घेऊन बाहेर आले, काकू पदर खोचून आल्या. मी चाक आकडीला लावलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि विजयानं सांगितलं, "आता काकूंनी उभारायचं काम नाही!"

"सुटले गं बाई!" म्हणत काकू आत गेल्यासुद्धा. चटणी कुटायची राहिली होती.

अण्णांनी त्या लोंबत्या चाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "काय गरज हुती, म्याडम?" ते म्हणाले. "हा काटा खोटा हाय."

काटा खोटा म्हणणारे अण्णा मी पहिल्यांदा बघत होते. चाक काढून घेऊन ते आत गेले आणि दार लागलं. माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. एवढी पदरमोड करून आणलेली वस्तू, आणि आभार दूरच. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "लोकांचं भलं करायला जाऊच नये." हे पेपरमधून मान न काढता म्हणाले, "नसती उठाठेव."

त्यानंतर रविवारचा काटा बंद झाला. पुढच्या रविवारी समोरचं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा जिन्यात भेटले, तर पिशवीला हात लावेनात. माझ्या हातात कलिंगड होतं, कलिंगड! आणि हे "बरंय" म्हणून बाजूनं निघून गेले. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

एका दुपारी मी शाळेतून आले, तर अण्णा माझ्या दाराशी उभे. काकू मंदिरात गेल्या होत्या. मी आत बोलावलं, तरी ते आत येईनात. चौकटीला धरूनच उभे राहिले.

"म्याडम, तो काटा परत देता येतोय काय?"

"का हो? एवढं काय केलंय त्यानं?"

"तुमी वाईट वाटून घिऊ नका." त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, हिचं वजन दर आठवड्याला बघा. उतरायला लागलं तर तारखेची वाट बघू नका, हाय तसं घेऊन या. आन् हिनं दवाखान्यातनं सुटतानाच आण घातली, परत काट्यावर उभारणार न्हाय. तितं दर बारीला उभारली की आकडा कमी. दर बारीला कमी. लई भेली हो ती. म्हणली, काट्याचं नाव काढलासा तर औषध बंद करते."

मी हातातला वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला.

"मंग काय करू? लेकाची सायकल हुती." अण्णा म्हणाले. "काटा सायकलीसाठी आणला म्हणलं, तर काय बोलली न्हाय. आता तुमीच सांगा, इतकं दिवस मी कुणाचं वजन बघतोय? सायकल काय, लोखंड हाय. काल हुतं तेवढंच आज."

"म्हणजे तुम्ही वजा करत होतात ते..."

"माल त्योच हुता, म्याडम. चाक बारदान."

मला एकदम रडू फुटलं. दारात, हातात वह्यांचा गठ्ठा, आणि डोळ्यांतून पाणी. काही सुचेना, तेव्हा मी भलतंच विचारलं, "मग ती काळी सायकल? ती तुम्हाला खरंच आवडली होती ना?"

"आवडली की. पण नव्या सायकलीत काढण्यासारखं काय असतंय? कंपनी वजन छापूनच देती. मंग रविवारी काय तोलायचं?" त्यांनी विभूती पुसेल इतक्या जोरानं कपाळ चोळलं. "तीन रविवार गेले. आकडा ठाव न्हाय. झोपली की मनगट धरून बघतो. मनगटावर काय कळतंय?"

पोत्याला हात लावून धान्याचा ओलावा सांगणारा माणूस असं म्हणत होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "अण्णा, रविवारी काटा मांडा."

रविवारी मी काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की माझा काटा शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी नेला होता, मुलांनी त्याला एक अख्खा मुलगा टांगला आणि तो मोडला. मी जन्मात इतकं सफाईदार खोटं बोलले नव्हते. अण्णांनी चुकचुक केली. "मोडायचाच. खोटाच हुता." मग आत तोंड करून हाक, "बा इल्ली!"

काकू आल्या. "आलं का परत पोत्याच्या कपाळी!" म्हणत काट्यावर चढल्या, मान ताठ. अण्णा वाकले. त्या दिवशी मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं, आणि त्या टकलाकडे मी असं बघत होते, जसं दहावीच्या निकालाकडेही कधी बघितलं नव्हतं. ते बराच वेळ खाली राहिले. मग मान हलली. उठले तेव्हा तोंडभर हसू होतं. काकूंच्या हातात पायडल द्यायचं ते विसरलेच, आणि तसंच ओरडले, "पायडल, दोनशे वीस!" मी जोरात खोकले.

दसरा आला. खंडेनवमीला अण्णांकडे तागडी आणि मापांची पूजा असते. काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. पाटावर जुनी पितळी तागडी, तिच्यापुढं मापांची ओळ, झेंडूच्या पाकळ्या. सायकलीलाही हार घालायचा म्हणून अण्णा बाल्कनीत तिच्या हँडलशी झटत होते. मी ओळीकडे बघितलं. अर्ध्या किलोचं माप जागेवर होतं. बाकीची सगळी काळपट, आणि ते एकटं चकचकीत.

"काकू, हे सापडलं वाटतं."

काकूंनी बाल्कनीकडे बघितलं आणि मला खाली बसवलं. "हरवलंच कुटं हुतं? माझ्या कमरेच्या पिशवीत हुतं. दर रविवारी."

"काय?"

"मला काय कळत न्हाय व्हय? आडत्याच्या घरात चाळीस वर्सं काढली. सीट तोलायला बायको लागती कुणाला?" त्या हळू आवाजात हसल्या. "पण पयल्या रविवारी आकडा बघून ह्यांनी मान वर केली न्हवं, ते तोंड मला बघवंना हो. मंग दुसऱ्या रविवारपासनं हे लावलं. लगेच तोंड खुललं. म्हणलं, र्‍हाऊ दे."

मी घाबरले. "अहो, पण खरंच वजन उतरत असतं तर? त्यांना कसं कळलं असतं?"

"तुमी गणित शिकवता न्हवं?" काकू म्हणाल्या. "दर बारीला तेवढंच माप असलं, तर उतरलेलं दिसणारच की. माप लावलं त्या बारीला तेवढा अर्धा किलो धीर दिला त्यांना. पुढचं सगळं माझं." मग त्यांनी बोटानं मापावर हळद लावली. "गेल्या रविवारी काढून ठेवलं. बघू म्हणलं, पोतं आता आपल्या पायावर उभारतंय का. आकडा मी कधी बघत न्हाय, अजून भ्या वाटतंय. त्यांचं तोंड बघते. तोंड उतरलं न्हाय."

तेवढ्यात अण्णा आत आले. मापांच्या ओळीशी वाकले, आणि थबकले. अर्ध्या किलोचं उचललं. "हे कुटं हुतं?"

"पोत्यात," काकू म्हणाल्या.

अण्णांनी ते तळहातावर घेतलं. एकदा वर, एकदा खाली, डोळे जरासे बारीक. मग काकूंकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. त्यांना किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्यांनी माप जागेवर ठेवलं आणि त्याला बाकीच्यांपेक्षा ठळक कुंकू लावलं.

मी निघाले. काकूंनी शेंगापोळ्यांचा डबा घातलेली पिशवी दिली होती. दाराशी अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली. "आठशे," म्हणाले. "बारदान वजा करा..." आणि मध्येच थांबले. आत काकू तागडीपुढं बसल्या होत्या, समईची वात सारत. हातातल्या बांगड्या आता मनगटावरच होत्या.

"र्‍हाऊ द्या, म्याडम," अण्णा म्हणाले. "आज बारदानासकट धरा."

आणि पिशवी माझ्या हातात न देता, स्वतः उचलून माझ्या दारापर्यंत घेऊन आले.